पातं टांगलंय

लाकूड चार बोटं पुढे गेलं होतं आणि त्या चार बोटांचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

मापासाठी खडूची आडवी रेघ त्यानेच ओढली होती. ती पात्याच्या अलीकडे होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आता ती पात्याला भेटून पलीकडे गेली होती. मधल्या वेळात काय झालं? हात लाकडावर होते, पाय रोवलेले होते, पातं नेहमीसारखं कर्कश ओरडत होतं, भुसा नाकातोंडात जात होता. सगळं जागच्या जागी होतं, फक्त तो स्वतः तिथे नव्हता. उजव्या हाताची करंगळी पात्यापासून जेमतेम वीतभर राहिली होती. त्याने ती हळूच मागे घेतली आणि चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. 

पलीकडून लाकडावर टक्‌ असं एकदा वाजलं. म्हणजे, चालू दे. त्याने ढकललं.

पलीकडे त्याची बायको होती. आरागिरणीचं काम दोघांचं. वर एक मोठं चाक, खाली एक मोठं चाक आणि दोन्हींवरून पट्ट्यासारखं फिरणारं दातेरी पातं. अलीकडून एकाने ओंडका ढकलायचा, पलीकडून दुसऱ्याने ओढून घ्यायचा. मध्ये चाकांची लोखंडी पेटी, त्यामुळे ढकलणाऱ्याला ओढणाऱ्याचं तोंड दिसत नाही. आणि आवाज असा की कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून बोलायचं ते लाकडावर टकटक करून. एकदा वाजवलं की चालू दे, दोनदा वाजवलं की थांब. एवढ्या दोन शब्दांवर दोघांनी अठरा वर्षं संसार केला होता. बरेच संसार याहून जास्त बोलतात आणि याहून कमी कळतं त्यांना.

गावात त्याला भुसाशेठ म्हणत. लहानपणी तो भुशाच्या ढिगात लोळायचा म्हणून भुश्या झाला, मग बापाची गिरणी हातात आली आणि त्याला शेठ चिकटलं. शेठपणाची खूण म्हणावी तर एकच होती, डोक्यापासून पायापर्यंत तो बारा महिने भुशाने माखलेला असे.

वादळ येऊन गेल्याला अकरा दिवस झाले होते. अर्ध्या तासाच्या वाऱ्याने निम्म्या गावाची छपरं नेली आणि होती नव्हती ती जुनी झाडं आडवी केली. आता ज्याच्या दारात झाड पडलं त्याच्याच डोक्यावर छप्पर नव्हतं. माणसं आपापलं झाड तोडून, गाड्यावर घालून भुसाशेठच्या अंगणात आणून टाकत होती. वासे पाहिजेत, फळ्या पाहिजेत, आज पाहिजेत. अंगणात ओंडक्यांची रांग फाटकाबाहेर जाऊन रस्त्याला लागली होती. प्रत्येक ओंडक्यावर खडूने खूण होती. गवंड्याची फुली, शिंप्याची कात्री, दूधवाल्याची किटली. दूधवाल्याने किटली अशी काढली होती की सगळे तिला कासव म्हणत.

माणसं प्लास्टिकच्या कागदाखाली झोपत होती. त्यांना थांबा कसं म्हणायचं?

लाकूड संपलं, फळ्या पलीकडे निघाल्या, आणि त्याने खटका पाडला. चाकं मंद होत होत थांबली. तो लगबगीने नळावर गेला आणि डोक्यावर पाणी घेतलं. मग वाकून जोड्यात एक खडा घातला, हरभऱ्याएवढा. टाचेखाली खडा टोचत राहिला म्हणजे माणूस झोपेल कसा? स्वतःच्या हुशारीचं त्याला थोडं बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत टाच सोलली आणि खड्यासकट त्याला आणखी दोनदा डुलकी लागली.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बायकोला सांगितलं तर ती गिरणी बंद करेल. गिरणी बंद झाली तर माणसं शहरातल्या मोठ्या गिरणीत जातील. मागे तो तापाने चार दिवस पडला होता तेव्हा गेली होती, आणि त्यातली काही परत आलीच नाहीत. आणि समजा ही झोप नसलीच, डोक्यातलंच काही बिघडलं असलं तर? ते तर मनातही आणायची त्याला भीती वाटत होती. रात्री अंथरुणावर पडलं की झोप येत नव्हती. ती नेमकी पात्यासमोर उभं राहिलं की यायची.

छपरीत बाप बसलेला असे. त्याला आता धूसर दिसायचं, पण पात्याचे दाते तो कानशीने बोटांच्या अंदाजाने घासायचा. डाव्या हाताला तीनच बोटं होती. दोन कशी गेली असं कुणी विचारलं की तो म्हणे, "लाकूड उसळलं." यापुढे त्याने कधी एक शब्दही सांगितला नव्हता.

बापाचा एक नियम मात्र गावभर ठाऊक होता. अडीच तास चाललेलं पातं उतरवायचं, उलटं करायचं आणि खुंटीवर टांगायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. चालून चालून पातं तापतं, ताणतं. तसंच चालवत राहिलं तर त्याला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते आणि एक दिवस ते तुटून कुणाच्या तरी अंगावर येतं. टांगून ठेवलं की आपोआप पूर्वीसारखं होतं. फाटकावर खडूने 'पातं टांगलंय' असं लिहिलं की मोठमोठी तालेवार माणसंसुद्धा हुज्जत न घालता परत जात. लोखंडाला विसावा लागतो, हे सगळ्यांना पटलेलं होतं.

आधी तीन पाती होती आणि तीन खुंट्या. वादळानंतर गर्दी झाली तशी भुसाशेठने शहरातून आणखी दोन पाती आणली आणि भिंतीत आणखी दोन खुंट्या ठोकल्या. हातोडी बापाने दिली. आता एकामागून एक पातं चढवता येत होतं, पात्यांचा नियम मोडत नव्हता आणि गिरणी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत थांबत नव्हती. पात्यांची उत्तम सोय झाली. यात काही चुकलं असं तिघांपैकी कुणालाही वाटलं नाही.

"कितवं?" बाप विचारायचा.

"तिसरं."

"गरम आहे?"

"आहे."

"मग टांग. हयगय नको."

बायकोला मात्र काहीतरी दिसत असावं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं तसं तिने चिंचेखाली खाट टाकली. वादळातून वाचलेलं तेवढं एकच झाड अंगणात होतं.

"अहो, घटकाभर पडा."

"आत्ता? अगं, रांग बघ बाहेर."

"रांग काही पळून जात नाही. ओंडके आहेत ते, त्यांना पाय नाहीत."

"ओंडक्यांच्या मालकांना आहेत."

"तुम्ही पडा हो!"

तो पडला. जोडे पायातच ठेवले, खड्यासकट. यंत्र बंद होतं, तरी कानात पातं ओरडतच होतं. मग हळूहळू ते ओरडणंही विरलं आणि एकदम शांत झालं. ती शांतता त्याला सोसेना. यंत्र चालू असताना आवाज बदलला की काय बिघडलं ते त्याला कळायचं. आवाजच नसला की कशाचाही अंदाज येईना. कुठे काय चाललंय? कोण आलं? कोण कंटाळून परत गेलं? रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला तसा तो ताडकन उठून बसला. खिशात फोन थरथरला, तो उभाच राहिला. खाटेवर त्याने जेमतेम एक चहा पिण्याइतका वेळ काढला असेल.

"झाली झोप," तो म्हणाला.

"डोळे तरी मिटलेत का?" बायको म्हणाली.

"मिटले की."

"तुमचं तोंड बघून मिटले असं वाटत नाही."

छपरीतून बाप हसला. "सूनबाई, त्याला नको सांगू. मीसुद्धा असाच होतो. खाट दिसली की मला ताप यायचा."

बायको हसली नाही. ती यंत्राकडे गेली आणि भिंतीला टेकवलेला आकडा तिने उचलला. लांब लाकडी दांड्याचा, पुढे लोखंडी वाक असलेला. मोठे ओंडके खेचायला तो ठेवलेला होता. फळ्या ओढायला तो कुणी वापरत नसे, त्या हातानेच घेतल्या जात. पण गेले पाच दिवस ती सगळंच आकड्याने ओढत होती.

"तो आकडा कशाला घेतेस गं? हळू होतं त्याने," त्याने विचारलं.

"कुसळं टोचतात हाताला."

"अठरा वर्षं नाही टोचली ती?"

"आता टोचतात," ती म्हणाली आणि तोंडाला फडकं बांधून पेटीच्या पलीकडे गेली. ती दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला. त्याच्या गोठ्याचं आणि घराचं, दोन्ही छपरं गेली होती. गाई उघड्यावर होत्या आणि त्याची आई शेजाऱ्यांच्या पडवीत. तरी माणूस गमत्या. फाटकातूनच ओरडला, "शेठ, माझं कासव कुठवर पोचलं?"

"उद्या घेतो तुमचं."

"उद्या? शेठ, आमच्या आईचं आणि शेजारणीचं पंचवीस वर्षं पटलेलं नाही. दोघींना एका पडवीत ठेवून आज तेरा दिवस झाले. उद्यापर्यंत एक तरी कमी झालेली असेल."

रांगेत उभे असलेले हसले. भुसाशेठलाही हसू आलं. हसताना त्याच्या लक्षात आलं की आपलं तोंड हसतंय आणि बाकीचं अंग उभ्या उभ्या झोपतंय. समोरचे लोक एकदम लांब गेल्यासारखे दिसले आणि परत जवळ आले. त्याने खांब धरला.

"शेठ, बरं आहे ना?" दूधवाल्याने विचारलं.

"काय झालंय मला? आणा, तुमचंच घेतो आधी."

रांगेतला शिंपी पुटपुटला, "आमच्याकडे आई नाही म्हणून आम्ही मागे." पण बाजूला झाला.

दूधवाल्याचं झाड त्याच्या दारातलं, जुनं, कवेत न मावणारं. अंगणातल्या झाडाचं एक भय असतं. माणसं त्यात खिळे मारतात, तारा गुंडाळतात आणि विसरतात. झाड मात्र वाढत राहतं आणि ते लोखंड पोटात घेतं. वरून काही दिसत नाही. फक्त ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर काळा डाग उमटतो. हे बापाने त्याला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. ओंडका चढवण्याआधी तोंडं बघायची, डाग दिसला की हातोडीने ठोकत जायचं, लोखंड काढायचं, नाहीतर तो ओंडका घ्यायचाच नाही. तीस वर्षांत त्याने एकदाही हे चुकवलं नव्हतं.

त्या दिवशीही त्याने तोंड पाहिलं. तळहाताएवढा निळा-काळा डाग होता, तो त्याला दिसलाही. ओल्या ताडपत्रीचा असेल, असं काहीतरी मनात आलं आणि तिथेच विझलं. दूधवाला तोवर किटल्या पोचवायला निघून गेला होता. भुसाशेठने ओंडका रुळांवर चढवला, दुसरं पातं नुकतंच घातलं होतं, खटका वर केला. पातं किंचाळायला लागलं.

टक्‌. चालू दे.

पहिली फळी नीट निघाली. दुसरी निघाली. तिसऱ्या फळीला त्याने छातीचा जोर लावला. ऊन पत्र्यावरून खाली उतरलं होतं, भुसा त्या उन्हात सोनेरी तरंगत होता. हाताखालचं लाकूड उबदार होतं. टाचेचा खडासुद्धा आता टोचत नव्हता. फार दिवसांनी त्याला कुठेतरी बरं वाटलं.

पलीकडून दोनदा वाजलं. मग पुन्हा दोनदा. मग सारखं वाजत राहिलं, हातोडीने ठोकावं तसं. त्याला ते ऐकू आलं, पण फार दुरून, दुसऱ्या कुणाच्या तरी दारावर वाजत असल्यासारखं.

मग ठिणग्यांचा लोट उडाला आणि गोळी सुटावी तसा आवाज झाला.

तो मागे भिंतीवर आदळला. पातं तुटलं होतं. त्याचं एक टोक पेटीवर सपासप आपटून वरच्या चाकात गुंडाळलं गेलं आणि दुसरं टोक पलीकडे गेलं. नुसतं पलीकडे गेलं, एवढंच त्याने पाहिलं. मोटर घरघरत होती. त्याने खटका पाडला. पडला की नाही हे कळायला वेळ लागला.

चाकं थांबली. आणि तीच शांतता आली.

पेटीला वळसा घालायला पाच पावलं पुरली असती. ती पाच पावलं त्याला टाकवेनात. तिकडे काय असेल ते पाहण्यापेक्षा इथेच मरून जावं असं त्याला वाटलं. आयुष्यात एवढा तो कधी भ्याला नव्हता. हाक फुटत नव्हती. शेवटी त्याने बोटं मुडपली आणि अर्ध्या कापलेल्या लाकडावर एकदा वाजवलं.

टक्‌.

काही नाही.

त्याने पुन्हा वाजवलं. मग तो लाकडाला दोन्ही हातांनी धरून खाली बसला.

"आहे," पेटीमागून आवाज आला. "मी आहे. उठा."

ती वळसा घालून आली. तोंडावरचं फडकं सुटलं होतं, कपाळावर भुसा चिकटला होता आणि ओठ पांढरेफटक पडले होते. हातात आकडा होता. त्याच्या दांड्यावर, वाकापासून वीतभर अंतरावर, पात्याने तिरपा घाव घातला होता. दांडा निम्म्याहून जास्त चिरला होता आणि आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. हाताने फळी ओढताना माणसाचं मनगट बरोबर तिथेच असतं.

दोघंही त्या घावाकडे बघत राहिले.

"तुला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"म्हणून आकडा घेतलास. कुसळं नव्हती टोचत."

ती त्याच्या शेजारी भुशात बसली. "तुम्हाला झोप लागली की लाकूड जड होतं," ती म्हणाली. "तुम्ही ढकलता तेव्हा ते येतं. झोपता तेव्हा ते नुसतं रेलतं. तुमचं सगळं ओझं त्याच्यावर येतं. हाताला लगेच कळतं. पहिल्या दिवशी वाटलं लाकूड ओलं असेल. मग दुसऱ्या दिवशी पाच वेळा झालं."

"आणि काल?"

"काल मोजायचं सोडलं."

त्याला रडू आलं. लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "अगं, मग बोलली का नाहीस? उभी कशी राहिलीस तिथे?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असतात?"

तो दांड्यावरच्या घावावरून बोट फिरवत राहिला.

"तुम्ही म्हणाला असता, तू दमलीस, घरात जा. आणि माझ्या जागी गवंड्याचा माणूस उभा केला असतात. त्याला काय कळलं असतं लाकूड कधी जड झालं ते? त्याने हातानेच ओढलं असतं." तिने आकडा भुशात ठेवला. "निदान मला तरी ठाऊक होतं. सहा दिवस रोज सकाळी तिथे उभं राहताना माझे पाय लटपटत होते. भांडी घासताना मी माझे हात बघायचे. पण निदान मला ठाऊक होतं."

त्याने तिचे हात धरले आणि उलटेसुलटे करून पाहिले. दहाही बोटं होती. त्याने ती एकेक करून दाबली.

छपरीतून बाप भिंत चाचपत आला होता. आवाजावरूनच त्याला सगळं कळलं होतं. "सूनबाई?" त्याने विचारलं.

"आहे, बाबा. काही झालं नाही."

बाप लाकडाला धरून उभा राहिला. खाली वाकून त्याने कापलेल्या जागेत बोट घातलं आणि आतली लोखंडी कडी चाचपली. जाड, गाय बांधायची कडी. दूधवाल्याच्या आजोबांनी कधीकाळी ठोकलेली असणार.

"पातं कोणतं होतं?" बापाने विचारलं.

"दुसरं. आत्ताच चढवलेलं," भुसाशेठ म्हणाला आणि उठला. कपडे झटकले, डोळे पुसले. "तिसरं खुंटीवर आहे. तासाभरात चढतं. कडी काढली की उरलेलं—"

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मग ती अशी ओरडली की फाटकाजवळचा शिंपी दचकून मागे सरला.

"चढवा! चढवा ना! पात्याला पाच खुंट्या ठोकल्यात भिंतीत. तुम्हाला कोणत्या खुंटीवर टांगू ते सांगा!"

अठरा वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज त्या अंगणाने ऐकला नव्हता. तो उभाच राहिला, हात अर्धवट खुंटीकडे गेलेला.

बापाने आपला तीन बोटांचा हात वर धरला. त्या हाताकडेच बघत तो बोलला. "तेव्हाही पातं ताजं होतं. आताच्यासारखंच. घासून, टांगून, सगळं नियमाने. लाकूडबिकूड काही उसळलं नव्हतं. मी झोपलो होतो. पलीकडे तुझी आई होती, नशिबाने तिला काही झालं नाही." त्याने हात खाली घेतला. "लाज वाटली रे सांगायची. उभा माणूस कामावर झोपला असं कोण सांगेल? आणि या दोन खुंट्यांना हातोडी मीच दिली तुला."

मग भुसाशेठचा हात खाली आला.

तेवढ्यात फाटकातून दूधवाला रिकाम्या किटल्या वाजवत आत आला. "शेठ, आईने निरोप दिलाय की—" तुटलेलं पातं पाहून तो थांबला. कडी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "अरे देवा. आजोबांची कडी. शेठ, मी तिथेच खेळलोय लहानपणी. साफ विसरलो."

"मी पण," भुसाशेठ म्हणाला. "डाग दिसला होता मला."

दूधवाल्याने आकड्याचा दांडा पाहिला, मग वहिनीकडे पाहिलं. त्याची सगळी गंमत संपली होती. "राहू दे छप्पर," तो म्हणाला. "गाई काय, उघड्यावरच जन्मल्या."

"छप्पर होईल," बायको म्हणाली. "उद्या. आज नाही."

बापाने खडू घेतला आणि चाचपडत फाटकाकडे गेला. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत त्याने लिहिलं, 'पातं टांगलंय.' शिंप्याने ते वाचलं. भिंतीवर चार पाती लटकत होती, त्यांतली तीन विसावलेली, चढवायला तयार. ती त्याला तिथूनही दिसत होती. पण त्याने मान डोलावली, म्हणाला, "मग काय, लोखंड आहे, विसावा पाहिजेच," आणि आपल्या ओंडक्यावर ताडपत्री टाकून निघून गेला. त्याच्यामागून रांगही विरली. माणूस झोपलाय असं लिहिलं असतं तर त्यांनी हाका मारून उठवलं असतं.

बायकोने चिंचेखालची खाट सावलीत ओढली. त्याला बसवलं, जोडे काढले. जोड्यातून खडा घरंगळला. तिने तो उचलला, त्याच्या सोललेल्या टाचेकडे पाहिलं आणि खडा कुंपणापलीकडे भिरकावला. मग त्याच्या खिशातला फोन काढून घेतला.

"तू कुठे जातेस?" त्याने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"घरात. इथेच आहे. पडा."

तो पडला. पाय आपोआप रोवायला बघत होते, हात पुढे ढकलायला. त्याने ते पोटावर ठेवले. कानातलं पातं ओरडत राहिलं आणि कधीतरी थांबलं.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. कुठेच आवाज नव्हता. यंत्र नाही, माणसं नाहीत, बापाची कानस नाही. त्याला काही उमगेना. ही तीच शांतता होती, आवाज झाल्यानंतरची. पेटीच्या पलीकडे कुणी नाही, असंच त्याला वाटलं. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण हाक फुटेना. त्याने हात खाली सोडला आणि खाटेच्या लाकडी पायावर एकदा वाजवलं.

टक्‌.

तो ऐकत पडून राहिला.

घरातून, दाराच्या चौकटीवर, कुणीतरी सावकाश दोनदा वाजवलं.

थांब.

त्याने डोळे मिटले आणि कुशीवर वळला.